गुरुवारची गाडी

३ नोव्हेंबर, सोमवार

ट्रंक आवरताना गिरणीतलं एक कोरं रजिस्टर सापडलं, माग दुरुस्तीचं. पानापानावर चार रकाने छापलेले: माग क्रमांक, तारीख, दोष, इलाज. चौतीस वर्षं असली रजिस्टरं भरली, पण हे एक घरी कसं आलं देव जाणे. (उचललं असणार. मीच.) टाकून देववत नाही, म्हणून यातच लिहायचं ठरवलंय. रकान्यांकडे लक्ष द्यायचं नाही.

निमित्त गाडीचं. काल लेक आली होती. बाजारात जायला तिने गाडी नेली आणि अर्ध्या तासात परत आली, ती कपाळाला आठ्या घालूनच. "बाबा, इंजिन केवढं टकटकतंय! आत धुराचा वास येतोय. तुम्ही अशीच चालवताय?" म्हटलं, मला तर कधी काही वाटलं नाही. बायकोला विचारलं, तर ही म्हणाली, "मला नाही बाई जाणवलं." पण लेकीच्या कानांना लहानपणापासून सगळंच जास्त ऐकू येतं. शाळेत शिकवते. चाळीस पोरांत कोण कुजबुजलं ते तिला फळ्याकडे तोंड असतानाही कळतं म्हणे.

आज तिने सुट्टी काढली आणि मला गॅरेजवाल्याकडे घेऊन गेली. त्याने बॉनेट उघडून टॉर्च मारला आणि भेग दाखवली. भेग खरी होती, तिथे वाद नाही. इंजिनाच्या चार सिलिंडरांतला धूर चार नळ्यांतून बाहेर येतो, त्या पुढे एकत्र होऊन सायलेन्सरला जातात. या चार पायांच्या तुकड्याला हेडर म्हणतात. आमच्या हेडरच्या चौथ्या नळीला अगदी मुळाशी बोटभर भेग आहे. टकटक तिथलीच, आणि तिथून निसटलेला धूर गाडीत शिरतो. हेडर बदलायलाच हवा.

राग आला तो याचा, की हे सगळं तो लेकीला सांगत होता. गाडी माझी, त्याच्या शेजारी उभा मी, आणि बोलणं तिच्याशी! केस पिकले की माणसाला काही कळत नाही असं समजतात ही पोरं. शेवटी लेकीने मला कोपर मारलं. "बाबा, ते तुम्हाला तीनदा विचारतायत, गाडी कधी सोडणार?" म्हटलं, सोडणार नाही. हेडर मागवून द्या, घरी बसवतो. दोनशे मागांचा फिटर होतो मी. आठ नट आणि एक गॅस्केट, एवढ्यासाठी गाडी परक्याच्या हातात द्यायची?

 घरी आल्यावर लेकीने चहाचा कप ठेवला आणि म्हणाली, "स्पष्ट सांगते. सोळा तारखेच्या रविवारी मी येऊन गाडी चालवून बघणार. टकटक असली तर किल्ली माझ्याकडे. गाडी विकायची, चर्चा नाही. एक तर तुम्ही मागून कुणी हॉर्न दिला तरी बाजूला होत नाही."

मी कुणाच्या हॉर्नला घाबरून बाजूला होणारा नाही, हे तिला माहीत असायला हवं.

पण हिचा चेहरा पडला. गाडी म्हणजे हिचा गुरुवार. हिची थोरली बहीण, ताई, मे महिन्यात अर्धांगाने आडवी झाली. इथून दीड तासाच्या वाटेवर राहते. बसने जायचं तर दोनदा बदलावी लागते आणि हिच्या गुडघ्यांना बसची पायरी चढवत नाही. ताईची सून तेव्हापासून घरात अडकलेली, तिला आठवड्याची बाहेरची कामं उरकायला गुरुवारी दोन तास मिळतात, कारण तेवढा वेळ ही ताईजवळ बसते. गाडी गेली की गुरुवार गेला.

४ नोव्हेंबर, मंगळवार

आठही नटांवर गंज सोडवायचं तेल सोडलं. उद्या परत सोडायचं. घाई केली की नट तुटतो.

दारावरची बेल बिघडली आहे. शेजारचे मास्तर दहा मिनिटं दाबत होते म्हणे, शेवटी खिडकीतून हात हलवला तेव्हा दिसले. उघडून तारा घासल्या, नवी बॅटरी घातली, तरी आवाज नावालाच. हल्ली वस्तूच हलक्या येतात. मास्तर आले होते आमचा टीव्ही मोठा लागतो हे सांगायला. माणूस चांगला आहे, पण जरा किरकिऱ्या.

६ नोव्हेंबर, गुरुवार

हेडर आलेला नाही, त्यामुळे आजचा गुरुवार बुडाला. ही सकाळी नेहमीसारखी तयार झाली, वेणी घातली, आणि मग खुर्चीत बसून राहिली. मी म्हटलं, अगं एका गुरुवारने काय होतंय? म्हणाली, "ताई वाट बघत असेल."

ताईचं तोंड डाव्या बाजूला ओढलं गेलंय, जीभ जड झालीय. मी सुरुवातीला एकदा आत जाऊन बसलो होतो, मला एक अक्षर कळलं नाही. तेव्हापासून मी बाहेर ओट्यावर बसतो. बहिणीबहिणींचं त्यांना कळतं. ही सांगते ना, "आज ताई खूप बोलली." काय बोलली विचारलं तर, "नेहमीचंच." बायकांचं नेहमीचंच म्हणजे काय ते विचारण्यात अर्थ नसतो. एवढं मात्र सांगते की गेल्या गेल्या ती पलंगाशेजारची खिडकी उघडते, कारण ताईच्या खोलीत फार कोंदट होतं.

परतीच्या वाटेवरच विचारून घ्यावं, पण गाडीत आम्ही बोलत नाही. मला रस्त्याकडे बघायचं असतं. आमचं बोलणं समोरासमोरचं. गिरणीतली सवय. ही साळखात्यात विणकर होती आणि मी तिथलाच फिटर. दोनशे माग एका वेळी चालायचे, कानाशी तोंड नेऊन ओरडलं तरी काही कळायचं नाही. म्हणून सगळं खातं ओठांनी बोलायचं. आवाज काढायचाच नाही, नुसते ओठ हलवायचे, भुवया उडवायच्या. सहा मागांपलीकडून मी हिला विचारलं होतं, लग्न करशील का? हिने ओठांनीच सांगितलं, पाळी संपल्यावर बघू. मधल्या सहा मागांवरच्या सहाही बायकांनी ते वाचलं आणि पाळी संपेपर्यंत माझ्याकडे बघून हसत राहिल्या.

गिरणी बंद होऊन बारा वर्षं झाली तरी घरात आम्ही निम्मं तसंच बोलतो. लेक चिडते. "आवाज काढून बोला हो, मला कळू दे तरी!"

८ नोव्हेंबर, शनिवार

हेडर आला. नवाकोरा, चारही नळ्या बघत राहाव्या अशा. गॅरेजवाला काहीतरी बोलत होता, मान खाली घालून, डब्यात काहीतरी शोधत. मी हो हो म्हटलं. गॅस्केट (धूर निसटू नये म्हणून जोडात घालायची पट्टी) आणि आठ नवे नट दिले. स्टड दिले नाहीत. स्टड म्हणजे इंजिनात रुतवलेले दांडे, ज्यांवर नट बसतात. जुने चालतील असंच म्हणत असणार.

९ नोव्हेंबर, रविवार

गाडी शेडमध्ये घेतली. बॅटरीची तार सोडली, जॅक लावला, खाली लाकडी ठोकळे दिले. वरचा पत्रा काढला, सेन्सरची वायर सोडली. खालच्या सायलेन्सरचे दोन बोल्ट ऐकेनात, त्यांना दुपारपर्यंत मनवत बसावं लागलं. कंबर मोडली, पण हात खूश आहेत. बारा वर्षांत असं काम मिळालं नव्हतं.

हिला टॉर्च धरायला उभी केली. हिचं लक्ष कुठे असतं कोण जाणे. बॉनेटमध्ये डोकं घालून मी तीनदा ओरडलो, "पान्याची बाराची गोटी दे!" ही आपली झाडाकडे बघत उभी. डोकं बाहेर काढून तिच्याकडे बघून म्हटलं, तेव्हा लगेच दिली. वर मलाच म्हणते, "मघापासून मी विचारतेय चहा टाकू का, तुम्ही उत्तरच देत नाही." मी गुरगुरलो, विचारलंस कधी? असे आम्ही दोघं. सोळा तारखेच्या काळजीने दोघांचंही डोकं ठिकाणावर नाही.

सात नट निघाले. आठवा उद्या.

१० नोव्हेंबर, सोमवार

आठवा नट सगळ्यात मागे आहे, इंजिन आणि पत्र्याच्या मध्ये. तिथे नजर पोचत नाही. जोडपान्याला आणखी एक जोड लावून नुसत्या अंदाजाने फिरवायचा. दोन तासांनी निघाला, पण गंजाने स्टडचे आटे खाल्लेत. तारेच्या ब्रशने घासले, तेल लावलं.

हा स्टड बदलायला हवा का? खरं सांगायचं तर मन म्हणतंय, हवा. गिरणीत कुणी असा स्टड ठेवला असता तर मी त्याला फाडून खाल्लं असतं. पण आणायचा म्हणजे गॅरेजवाल्याकडे जायचं, तो दोन दिवस लावणार, आणि पुढचाही गुरुवार बुडणार. ही काही म्हणत नाही, पण कॅलेंडरसमोर दोनदा उभी राहिलेली बघितली.

चालेल. नवा नट आहे ना, धरेल.

१२ नोव्हेंबर, बुधवार

बसवला! गॅस्केट लावली, हेडर टेकवला, मधल्या नटांपासून कडेच्या नटांकडे थोडं थोडं आवळत गेलो, कधीही एक नट एकदम पुरा नाही. माझी परीक्षा सोपी: नट पुरा बसला की कुरकुरतो, एकदाच, बारीकसा. तो आवाज आला की हात थांबवायचा. गिरणीत नव्या पोरांना मी हेच शिकवायचो, पान्यापेक्षा कानावर विश्वास ठेवा. आज एकही नट कुरकुरला नाही. नवे आहेत, गुळगुळीत. सात नटांचं हाताला कळलं. आठवा जोड लावून आवळताना पाना घट्ट झाला आणि पुढे सरकेना, म्हणजे बसला.

संध्याकाळी गाडी चालू केली. हिला बॉनेटपाशी उभी केली, मी आत बसून पाय दाबला. काचेतून तिच्याकडे बघितलं आणि विचारलं, टकटक आहे? ही माझ्याकडे एकटक बघत होती. मग हसली आणि ओठांनीच म्हणाली, "नाही. काही नाही." मी उतरून स्वतः कान लावला. नाहीच. इंजिन एकदम शांत. इतकं शांत, की चालू आहे का ते बघायला हात लावून पाहिला.

दोष: हेडरला भेग. इलाज: बदलला. बघा, रकानेही कामाला आले.

१३ नोव्हेंबर, गुरुवार

आज अक्षर वाईट येणार.

सकाळी निघालो. थंडी होती म्हणून काचा बंद. जळका वास येत होता, म्हटलं नव्या हेडरला लागलेलं तेल जळत असेल. ताईकडे पोचेपर्यंत ही पेंगत होती, डोकं दुखतंय म्हणाली. मला वाटलं चष्म्याचा नंबर वाढला. दोन तास बसली, आली तेव्हा बरी होती. परत निघालो आणि अर्ध्या वाटेत ती झोपली. माझंही डोकं जड झालं, मळमळायला लागलं. चौकातल्या सिग्नलला थांबलो, आणि पुढचं मला नीट आठवत नाही. डोळे मिटले असणार.

काच कुणीतरी बुक्क्यांनी बडवत होतं. मागच्या ट्रकचा ड्रायव्हर. त्याने दार ओढून उघडलं आणि वारं आत आलं. तो काय काय ओरडत होता, मिशीमुळे अर्धंच समजलं. "...दोनदा सिग्नल पडला... हॉर्न देऊन देऊन... आणि आत धूर केवढा भरलाय, मरायचंय काय? इंजिन एवढं फाटफाट वाजतंय, ऐकू येत नाही का तुम्हाला?"

मी हिला हलवलं. एकदा हलवलं, दोनदा हलवलं. तिसऱ्यांदा डोळे उघडले. त्या मधल्या वेळेबद्दल मी काही लिहू शकत नाही.

चारही काचा उघड्या टाकून, रस्त्याच्या कडेकडेने घरी आलो. शाल माझीही तिलाच दिली.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

सकाळपासून मी चिडलेलो. चूक माझी होती आणि ती कुणाच्या तरी गळ्यात घालायची होती. हिला समोर बसवलं आणि म्हटलं, तू बॉनेटपाशी उभी होतीस. मी तुला विचारलं. तू म्हणालीस, आवाज नाही.

ती म्हणाली, "तुमचा चेहरा बघून म्हणाले."

म्हणजे?

"तुम्ही इतके खूश दिसत होतात. म्हटलं, यांना ऐकू आलं असेल की आवाज गेला."

अगं पण तुला काय ऐकू आलं?

 तिने आवाज न काढता, साळखात्यात बोलायची तसं, नुसत्या ओठांनी सांगितलं. "मला ऐकू येत नाही. तीन-चार वर्षं झाली. तुमचे ओठ बघते मी. लेकीचे बघते. सगळ्यांचेच बघते."

मी ओरडायला तोंड उघडलं होतं. आणि तोंड उघडं असतानाच सगळं एका पाठोपाठ एक समोर आलं: बेल, मास्तरांची टीव्हीची तक्रार, गॅरेजवाला, एकही नट कुरकुरला नाही ते, आणि ट्रकवाल्याची मिशी. मी तिच्यासमोर बसून तिचे ओठ वाचत होतो आणि तिला विचारत होतो की तुला ऐकू का येत नाही! काय म्हणावं माणसाने स्वतःला?

मीही ओठांनीच सांगितलं, "मलाही."

ती दचकली. "तुम्हाला? मी तर तुमच्या भरवशावर होते."

मी तिच्या भरवशावर होतो. दोघं एकमेकांच्या कानांवर विसंबून आनंदात संसार करत होतो. मला हसू आलं, तिलाही आलं. मग तिचं हसू कुठेतरी अडकलं आणि ती रडायला लागली. मी विचारलं, काय झालं? तर म्हणाली, "ताईचे ओठ मला वाचता येत नाहीत हो. वाकडे झालेत. मे महिन्यापासून तिचा एक शब्द कळलेला नाही मला."

मग दर गुरुवारी काय करतेस?

"हात धरून बसते. ती बोलते, मी मान हलवते. थांबली की हसते."

कुणाला सांगितलं का नाहीस?

"सांगितलं असतं तर सगळे म्हणाले असते, मग जायचं कशाला एवढ्या लांब?"

मी असं म्हटलं नसतं, असं मी तिला म्हटलं. पण आत्ता लिहिताना वाटतंय, म्हटलं असतं कदाचित.

१५ नोव्हेंबर, शनिवार

कान नाहीत, ठीक आहे. डोळे आहेत दोघांना.

हिच्या शिवणाच्या डब्यात गिरणीतल्या सुताची एक कांडी अजून आहे. तिने वीतभर सूत काठीच्या टोकाला बांधलं. मी इंजिन चालू केलं, शेडची दारं सताड उघडी टाकली, आणि ती काठी हेडरच्या कडेने हळूहळू फिरवायला लागली. पहिल्या नळीपाशी सूत सरळ लोंबत राहिलं. दुसरी, तिसरी, तेच. चौथ्या नळीच्या मागे नेलं आणि सूत फडफडायला लागलं. तिने वर बघून ओठ हलवले, "इथे. मागचा."

अर्थात मागचा. तो आठवा.

इंजिन पुरतं थंड होईपर्यंत थांबलो, मग नट सोडवला. जे घट्ट वाटलं होतं ते बसणं नव्हतंच, खराब आट्यांत तो मध्येच आवळून बसला होता. हेडर तिथे टेकलाच नव्हता. कुरकुर ऐकू आली असती तर त्याच क्षणी कळलं असतं. अडलेला नट वेगळा बोलतो, बसलेला वेगळा. हे मी शंभर पोरांना शिकवलंय.

गॅरेजवाल्याकडे चालत गेलो. म्हटलं, स्टड दे आणि जरा माझ्याकडे तोंड करून बोल, मला ऐकू कमी येतं. हे वाक्य म्हणायला मला घरापासून गॅरेजपर्यंतचा सगळा रस्ता लागला. तो म्हणाला, "काका, मी त्या दिवशी हेच सांगत होतो, मागचा स्टड बदला म्हणून. तुम्ही हो हो म्हणालात."

नवा स्टड, नवी गॅस्केट. हिने सूत फिरवलं. चारही नळ्यांपाशी सरळ. आम्ही दोघं त्या लोंबत्या सुताकडे उगाचच बराच वेळ बघत उभे होतो.

१६ नोव्हेंबर, रविवार

लेक आली. किल्ली घेतली, गाडी फिरवून आणली. उतरली ती हसतच. "बाबा, मानलं तुम्हाला! टकटक नाही, वास नाही. ठेवा गाडी."

किल्ली माझ्या हातात ठेवली. मी जिंकलो होतो. ही दारात उभी राहून माझ्याकडे बघत होती, आणि काय करायचं ते माझ्यावर सोडलंय हे तिच्या चेहऱ्यावर लिहिलेलं होतं. एक शब्द बोललो नसतो तर गाडी आमची होती, गुरुवार आमचा होता.

सिग्नलवर तिला तिसऱ्यांदा हलवलं ते आठवलं.

किल्ली लेकीला परत दिली. म्हटलं, बस, सांगायचं आहे. सगळं सांगितलं. गुरुवारचंही. ती आधी संतापली, मग रडली, मग म्हणाली, "मला तर वाटायचं तुम्ही मला टाळता. फोनवर हो हो म्हणता आणि ठेवून देता." हे मला माहीत नव्हतं. ती सहा वर्षं असं समजत होती.

कान तपासून येईपर्यंत किल्ली तिच्याकडे. मी हो म्हटलं. या वेळी ऐकून म्हटलं.

१८ नोव्हेंबर, मंगळवार

कान तपासायचं ठिकाण. काचेची एक छोटी खोली, आत एक खुर्ची, डोक्याला लावायचे मोठे हेडफोन आणि हातात एक बटण. आवाज आला की दाबायचं. तपासणारी बाई काचेबाहेर तिच्या यंत्रापाशी, आणि तिच्या शेजारी ही.

मी बसलो. काही येईना. बघतो तर काचेपलीकडून ही भुवया उडवतेय आणि ओठांनी म्हणतेय, "आता!" यंत्रावर बाई आवाज सोडते तेव्हा एक दिवा लागतो, तो हिला दिसत होता. मी बटण दाबलं. "आता!" परत दाबलं. खोटं कशाला लिहू, चार वेळा दाबलं. किती बरं वाटत होतं! सहा मागांपलीकडून बोलत होतो आम्ही.

मग मी खुर्ची फिरवली आणि काचेकडे पाठ करून बसलो.

लग्नानंतर पहिल्यांदाच ती समोर असताना तिच्याकडे पाठ केली असेल. भिंत बघत बसलो. आवाज फार कमी आले. बाकी सगळी नुसती भिंतच.

हिचा नंबर आला तेव्हा ती आत जाऊन स्वतःच खुर्ची फिरवून बसली.

९ डिसेंबर, मंगळवार

दोघांनाही मशिनं मिळाली. जग भलतंच बडबडं आहे. नळ वाजतो, वर्तमानपत्र वाजतं, माझे स्वतःचे दात वाजतात. बेल वाजली तेव्हा मी अक्षरशः उडालो. ती बिचारी कधीच बिघडली नव्हती. मास्तरांकडे जाऊन माफी मागून आलो. ते म्हणाले, "अहो, ओरडू नका एवढं."

लेकीने किल्ली आणून दिली. एक अट घातली: काच इंचभर उघडी.

११ डिसेंबर, गुरुवार

ताईकडे जाऊन आलो. मी नेहमीसारखा ओट्यावर बसलो. आतून हिचा आवाज येत होता, मग ताईचा. सून परत आली तेव्हा ही बाहेर आली. डोळे लाल. गाडीत बसलो.

गाव मागे पडल्यावर ती बोलायला लागली. गाडीत, आवाज काढून. मी सवयीने तिच्याकडे वळणार होतो, तेवढ्यात कळलं, वळायची गरज नाही. समोर रस्त्याकडे बघत राहिलो आणि ऐकत राहिलो.

"ताई काय सांगत होती माहितेय? मे महिन्यापासून, दर गुरुवारी?"

काय?

"खिडकी लाव."

मला वाटलं, नीट ऐकलं नाही. परत म्हण.

"खिडकी लाव गं, पाठीला वारं लागतं. एवढंच. मी गेले की खिडकी उघडायचे, ती म्हणायची खिडकी लाव, आणि मी मान हलवून हसायचे. सात महिने. सुनेलाही सांगितलं नाही तिने. म्हणाली, तुला वाईट वाटलं असतं."

मग?

"लावली."

गाडी थांबवू का, असं मी विचारलं. ती नको म्हणाली. थोड्या वेळाने म्हणाली, "खिडकी लावल्यावर ताई काय म्हणाली सांगू? म्हणाली, आता बोल. किती दिवस झाले, तू काही बोललीच नाहीस."